यंत्रदेहातले मन: मेंदूपासून स्मृतीच्या नोंदीपर्यंत

माणसाचे मन यंत्रमानवाच्या देहात वावरते, ही कल्पना विज्ञानकथांच्या कॉमिक्समध्ये आज चांगलीच रुळली आहे. मात्र त्या देहात नेमके काय जाते, याचे उत्तर काळानुसार बदलत गेले.

सुरुवातीला हे उत्तर सरळ होते, ते म्हणजे मेंदू. नील आर. जोन्स यांच्या १९३१ मधील 'द जेमसन सॅटेलाइट' या कथेत, मृत्यूनंतर अवकाशात जपलेल्या एका प्राध्यापकाचा मेंदू परग्रहवासी ४ कोटी वर्षांनी यंत्रदेहात बसवतात. कॉमिक्समध्ये ही कल्पना १९४२ साली 'स्टार स्पँगल्ड कॉमिक्स'मधील 'रोबॉटमॅन' या नायकाच्या रूपाने अवतरली. सुपरमॅनच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या जेरी सीगल यांच्या या कथेत, गोळी लागून कोसळलेल्या रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाचा मेंदू त्याचा सहायक यंत्रदेहात घालतो आणि क्रेन पुढे माणसाचा मुखवटा चढवून वेगळ्या नावाने जगतो. १९६३ मध्ये आलेल्या 'डूम पेट्रोल'मधील क्लिफ स्टील हा मोटारशर्यतपटू या परंपरेतला अधिक अस्सल वारसदार म्हणावा लागेल, कारण वाट्याला आलेल्या बळापेक्षा गमावलेल्या शरीराची चीड त्याला जास्त छळते. धातूचा चेहरा हलत नसला, तरी डोक्यावरच्या फुग्यात त्याचे विचार वाचता येतात. ही सोय चित्रकथेला आयतीच लाभली होती.

त्याच वर्षी जपानमध्ये कथा काझुमासा हिराई यांची आणि चित्रे जिरो कुवाता यांची असलेली 'एट मॅन' ही मालिका सुरू झाली आणि खरे वळण आले. यात ठार झालेल्या गुप्तहेराचा मेंदू वाचवला जात नाही, तर त्याच्या स्मृती आणि व्यक्तिमत्त्व यंत्रात उतरवले जाते. संगणकाचा काळ उजाडू लागला होता, आणि मन म्हणजे नोंदवून ठेवता येणारी माहिती, हे वाचकाला पटण्याजोगे झाले होते. अमेरिकेत १९६८ साली कॉमिक्समध्ये आलेल्या 'व्हिजन' या यंत्रमानव नायकाचे मनही दुसऱ्या एका माणसाच्या मेंदूतील नोंदींवर घडवलेले होते. पण नोंद आली की नक्कल आली, आणि मूळ माणूस मेला असेल तर यंत्रातला तो कोण, हा मेंदूच्या काळात न पडलेला प्रश्न लेखकांपुढे उभा राहिला. जपानी चित्रकथाकार ओसामु तेझुका यांनी 'फिनिक्स' या मालिकेच्या १९७०-७१ मधील पुनर्जन्माच्या खंडात त्याची सर्वांत धीट मांडणी केली, असे माझे मत आहे: तिथे माणसाचे आणि यंत्राचे मन एकत्र मिसळून 'रोबिता' हा यंत्रमानव घडतो.

१९८८ मध्ये यंत्रमानवशास्त्रज्ञ हान्स मोराव्हेक यांनी मेंदू थोडाथोडा करून संगणकात उतरवण्याची कल्पना गांभीर्याने मांडली. पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या मासामुने शिरो यांच्या 'घोस्ट इन द शेल'मध्ये मेंदू पुन्हा यंत्रदेहात आला खरा, परंतु आता तो माहितीच्या जाळ्याला जोडलेला होता. कथेच्या अखेरीस नायिकेचे मन त्या जाळ्यातच जन्मलेल्या, कधीही माणूस नसलेल्या एका जाणिवेशी एकरूप होते.