तीन वर्षांत अख्खे बायबल? नाही

'तीन वर्षे रविवारची मिस्सा (कॅथलिक चर्चमधली उपासना) चुकवली नाही, की संपूर्ण बायबल ऐकून होते' हा समज चुकीचा आहे. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर 1969 साली आलेल्या वाचनक्रमात (मिस्सेत कोणत्या दिवशी बायबलचा कोणता उतारा वाचायचा, याच्या यादीत) वाचने वाढली, पण तो निवडक उताऱ्यांचाच संग्रह आहे. बायबलमधले ओबद्याचे पुस्तक रविवारी येत नाही आणि रोजच्या मिस्सेतही नाही.

रविवारच्या वाचनांचे चक्र तीन वर्षांचे; त्यात येशूच्या जीवनाची शुभवर्तमाने अशी येतात: 'अ' वर्षी मत्तय, 'ब' वर्षी मार्क, 'क' वर्षी लूक. सनाला 3 ने भाग गेला की 'क' वर्ष. मात्र आगमनकाळापासून (नाताळाआधीच्या सुमारे चार आठवड्यांपासून) पुढचा सन धरायचा. गफलत नेमकी इथेच होते. चौथे शुभवर्तमान योहानाचे; त्याला स्वतंत्र वर्ष नाही. तो मुख्यतः पुनरुत्थानकाळात (ईस्टरपासूनच्या आठवड्यांत) वाचतात, शिवाय 'ब' वर्षी सामान्यकाळाच्या (विशेष सणांचे काळ सोडून उरलेल्या वर्षाच्या) 17 ते 21 व्या रविवारी त्याचा सहावा अध्याय येतो, कारण मार्क आखूड आहे.

मनन (वाचनांवरचे चिंतन) लिहिताना एवढे सांभाळा: सामान्यकाळात पहिले वाचन शुभवर्तमानाशी जुळवून निवडलेले असते, दुसरे मात्र पौल आदींच्या पत्रांतून क्रमाने पुढे सरकते. तिन्हींना एकाच सूत्रात ओवायला गेले की बिचाऱ्या पौलाची ओढाताण होते.