खुरटेपणा (बालकांमधील) आणि त्याचा प्रतिबंध

वयाच्या मानाने बालकाची उंची फारच कमी राहणे म्हणजे खुरटेपणा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांनुसार दोन वर्षांच्या मुलीची लांबी साधारण ८६ सेंमी असते. ती ८० सेंमीच्या खाली राहिली तर मुलगी खुरटलेली समजतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुले या गटात आढळली. मूल रोडावले की घरच्यांच्या लक्षात येते. खुरटलेले मूल मात्र ‘बापाच्या अंगकाठीवर गेलं’ म्हणून सोडून दिले जाते, आणि गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे मोलाचे हजार दिवस निघून जातात. त्यानंतर खाऊ घातल्याने वजन भरते, हुकलेली उंची क्वचितच भरून निघते.

नागपूर जिल्ह्यातल्या रामटेक-मौद्याच्या धानपट्ट्यात रोवणीच्या (भातलावणीच्या) दिवसांत आई सकाळीच बांधीत (भातखाचरात) जाते आणि तान्हे आजीजवळ राहते. घट्ट पचणार नाही या काळजीने आजी वरणावरचे पाणी पाजते. पोट भरते, पण पाण्यानेच. म्हणून पोषणशिक्षणातला पहिला धडा चमच्याचा: चमचा तिरपा केला तरी घास ओघळू नये. मऊ भात आणि तुरीचे घट्ट वरण कुसकरून त्यात थोडे तेल घातले की तेवढ्याच घासात जास्त ऊर्जा जाते. सहा महिने पूर्ण होताच असे अन्न दिवसातून दोन-तीनदा, नवव्या महिन्यापासून तीन-चारदा द्यावे. अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे. केवळ मातांची बैठक घेऊन भागत नाही. भरवणारी आजी तिथे हवीच.

मात्र घरात डाळच नसेल तर शिकवण कोरडी ठरते. तिथे पूरक आहार लागतो. १९७५ पासूनच्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत अंगणवाडीमार्फत सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरपोच आहार आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गरम ताजा आहार मिळतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने त्यासाठी रोज ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने ठरवून दिली होती; २०२३ मध्ये हे निकष बदलले. घरपोच पाकीट बहुधा सगळ्या भावंडांत वाटले जाते, आणि ज्याच्यासाठी ते आले त्या धाकट्याच्या वाट्याला दोन चमचे येतात. वारंवारचे जुलाब खाल्लेलेही अंगी लागू देत नाहीत. भरवण्याआधी साबणाने हात धुणे हा पोषणाचाच भाग आहे.

वजनकाट्याइतकेच लक्ष लांबी मोजण्याकडे द्यायला हवे. दोन वर्षांखालच्या मुलाला पाटीवर आडवे ठेवतात; एकीने डोके धरायचे, दुसरीने गुडघे सरळ करून तळवे सरकपट्टीला टेकवायचे. मूल रडते, पाय आखडते. सेविका एकटीच मोजत असली की एक-दोन सेंटीमीटर सहज चुकतात आणि खुरटलेले मूल नोंदीत धडधाकट किंवा धडधाकट मूल खुरटलेले ठरते.