डॅलस, बोस्टन आणि पूर्णगड

डेटाबेस शिकवणाऱ्या वर्गांत वर्षानुवर्षं एक तक्त्यांची जोडी चालत आली आहे. ओरॅकल या डेटाबेसच्या सरावासाठीची, कर्मचारी आणि त्यांची खाती. हिशेबखातं न्यूयॉर्कला, संशोधन डॅलसला, विक्री शिकागोला आणि चौथं खातं बोस्टनला. कोकणातल्या किती मुलांनी आपली पहिली क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, यांच्यावरच लिहिली असेल! तक्ते वाईट नाहीत. पण डॅलसबद्दलचं उत्तर चुकलं, तर ते इथे कुणाला कळणार? माझं ठाम मत आहे, की कोकणात डेटाबेस शिकायचा तर तो घरच्या आंब्याच्या हिशेबावर शिकावा.

हिशेब सगळ्यांच्या ओळखीचा. पेट्या भरायच्या, गाडीने वाशीला दलालाकडे पाठवायच्या, माल विकला की हमाली, भाडं असा खर्च वजा होऊन पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब आणि रक्कम, येते. हंगामाआधी उचल घेतली असेल तर तीही वळती होते. बऱ्याच घरांत हे सगळं एक्सेलच्या एकाच लांबलचक शीटमध्ये असतं आणि प्रत्येक ओळीत बागायतदाराचं नाव, गाव, फोन पुन्हा पुन्हा. एकाने ‘पूर्णगड’ लिहिलं, दुसऱ्याने ‘पुर्णगड’. आपल्याला दोन्ही एकच, संगणकाला मात्र ही दोन गावं. गाववार बेरीज मागितली की काही पेट्या इकडे, काही तिकडे. फोन बदलला तर पन्नास ओळी दुरुस्त करा, आणि त्यातली एखादी राहतेच.

यावरचा उपाय एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडला. हे इंग्लंडमध्ये जन्मलेले गणिती तेव्हा आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत होते. तोवर माहिती कुठल्या वाटेने साठवली आहे हे प्रोग्रॅमरला ठाऊक असावं लागे. साठवण बदलली की प्रोग्रॅमही बदला. कॉड यांनी सांगितलं, की माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, आणि काय हवं तेवढंच विचारा. ते कसं शोधायचं हे यंत्रणा बघेल. 1974 मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी असं विचारण्यासाठी भाषा मांडली. आजची एसक्यूएल तिच्यातूनच आली.

तर शीट मोडून चार तक्ते करा: गावं, बागायतदार, रवानगी, पट्टी. गावाचं नाव आता एकाच ठिकाणी. बागायतदाराला क्रमांक द्या, कारण एकाच वाडीत एकाच नावाचे दोन काका असतातच. रवानगीच्या ओळीत नाव नको, तो क्रमांक पुरे. असा क्रमांक यादीतच नसेल तर डेटाबेसने ती नोंद नाकारली पाहिजे. त्याला फॉरेन की म्हणतात. सरावाला एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस प्रोग्रॅम उत्तम आहे, फुकट आहे आणि सगळा डेटाबेस एका फाइलीत मावतो. पण त्यात ही राखण सहसा बंद असते. दर वेळी डेटाबेस उघडल्यावर ‘प्रॅग्मा फॉरेन कीज ऑन’ ही आज्ञा द्यावी लागते. पुष्कळ नवशिके इथे फसतात.

आता विचारा: यंदा कोणाच्या किती पेट्या गेल्या आणि पट्टी किती आली? रवानगी आणि पट्टी हे तक्ते साध्या जॉइनने जोडलेत तर उत्तर झटकन येईल, नीटनेटकं दिसेल, आणि चुकीचं असेल. ज्यांची पट्टी अजून आलेली नाही ते त्यातून गायबच होतात, कारण साधा जॉइन दोन्हीकडे जुळणाऱ्या ओळीच देतो. आपल्याला तर नेमकं थकलेल्या पट्ट्यांचंच बघायचं असतं! त्यासाठी लेफ्ट जॉइन लागतो. तो रवानगीची प्रत्येक ओळ ठेवतो आणि पट्टीची जागा रिकामी दाखवतो. गंमत म्हणजे त्या जुन्या तक्त्यांतही हा धडा आहे. बोस्टनच्या खात्यात एकही कर्मचारी नाही, म्हणून साध्या जॉइनमध्ये बोस्टन दिसतच नाही. पण बोस्टन गळालं याची कुणाला टोचणी लागत नाही. शेजारच्या काकांच्या तीस पेट्या यादीत नाहीत, हे मात्र लगेच डोळ्यांत भरतं.

इंडेक्स, युजरचे अधिकार वगैरे पुढे सावकाश शिकता येतं. त्याआधी लाईट जाण्याचा सराव करावा. पट्टी आली की दोन नोंदी होतात: पट्टीची रक्कम लिहायची आणि तेवढी उचल कमी करायची. मधेच लाईट गेली तर? म्हणून दोन्ही नोंदी एका ट्रान्झॅक्शनमध्ये बांधतात, झाल्या तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. हे बघायला पोस्टग्रेस या सर्व्हरवर चालणाऱ्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये दोन खिडक्या उघडा. पहिलीत ‘बिगिन’ देऊन पट्टी नोंदवा, पण ‘कमिट’, म्हणजे नोंद पक्की करण्याची आज्ञा, देऊ नका. दुसऱ्या खिडकीत ती पट्टी दिसणार नाही. आता सरावाच्या मशीनवर सर्व्हर बळजबरीने बंद करा आणि पुन्हा सुरू करा. मागच्या वेळी नीट बंद झालो नव्हतो, आता सावरतो आहोत, असं तो स्वतःच्या लॉगमध्ये लिहितो. अर्धवट पट्टी नसते, कमिट झालेल्या मात्र जागच्या जागी असतात. कारण बदल मुख्य फाइलींत जाण्याआधी एका रोजनाम्यात उतरतो, आणि तो डिस्कवर पोचल्याशिवाय कमिट झालं असं सर्व्हर सांगत नाही. उठल्यावर तोच रोजनामा पुन्हा वाचून तो सगळं जुळवतो.

पण डिस्कच गेली तर रोजनामाही जातो. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. अशा पुरात संगणक जातो आणि त्याच टेबलाच्या खणातला बॅकअपचा पेनड्राइव्हही जातो. बॅकअपची एक प्रत दुसऱ्या गावात हवी. पोस्टग्रेसच्या ‘पीजी डम्प’ या आज्ञेने ती काढली की तेवढ्यावर थांबू नका. दुसऱ्या संगणकावर रिकामा डेटाबेस करून ती त्यात उतरवा. रवानगीच्या ओळी मोजा, मे महिन्यातल्या पट्ट्यांची बेरीज काढा आणि कागदी पट्ट्यांशी ताडून बघा. याला निवांतपणा जूनमध्येच मिळतो. पेट्या भरायला लागल्या की वेळ कुणालाच नसतो.