खुंटी कुणी ढकलली?

दाराची बिजागरी कुरकुरली की आपण दोन थेंब खोबरेल सोडतो. आवाज थांबतो, आणि तेलाने लोखंड गुळगुळीत झालं असं आपण धरून चालतो. लोखंड होतं तसंच खडबडीत असतं. आरशासारखं चमकणारं पोलादसुद्धा सूक्ष्मदर्शकाखाली डोंगराळ दिसतं, आणि दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले की फक्त डोंगरांचे माथे टेकतात. 10 किलोचा पोलादी ठोकळा पोलादी पाटावर ठेवला, तर खरोखर टेकलेली सगळी जागा मिळून चौरस मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग भरते. ठोकळा उभा ठेवा की आडवा, फारसा फरक नाही. एवढ्याशा जागेवर सगळा भार, म्हणून माथे चेपून एकमेकांना चिकटतात. सरकवताना हे सांधे तोडण्यातच बहुतेक जोर जातो.

मग तेल काय करतं? 1883 च्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचे अभियंते रेल्वेच्या बेअरिंगवर, म्हणजे फिरत्या आसावरच्या धातूच्या आधारावर, प्रयोग करत होते. खाली तेलात बुडालेला फिरता आस, वर भार घेतलेलं बेअरिंग. तेल घालायला त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर तेल आत जायचं सोडून वर यायला लागलं. बूच मारलं, ते बाहेर आलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर. शेवटी दाबमापक लावला. चौरस इंचाला 200 पौंडांपर्यंतचा तो मापकही अपुरा पडला. भार मात्र सरासरी 100 पौंडांचाच होता!

1886 मध्ये शास्त्रज्ञ ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी यामागचं गणित मांडलं. फिरता आस तेलाला ओढत नेऊन निमुळत्या फटीत कोंबतो. तेलाची पाचर बसते आणि बेअरिंग चक्क उचललं जातं. माथ्याला माथा लागतच नाही. पण पाचर बसायला वेग हवा, त्यामुळे यंत्र सुरू होतानाचे क्षण झिजेचे. बिजागरी तर इतकी सावकाश फिरते की तिथे पाचर विसराच. तिथे तेलातल्या स्निग्धाम्लांचे (फॅटी ॲसिडचे) लांबुळके रेणू एका टोकाने लोखंडाला धरून दाट लव्हाळ्यासारखे उभे राहतात, तेवढाच आडोसा.

हीच पाचर मुसळधार पावसात भरधाव गाडीच्या टायरखाली पाण्याची बसते. स्टिअरिंग एकदम हलकं लागतं, कारण रबर रस्त्याला टेकलेलंच नसतं. टायरवरच्या खाचा पाण्याला बाजूला पळायला वाट देतात. त्या झिजून गेल्या की चाकाखाली टॉवर यांचं बेअरिंगच तयार.