बग किती मोठा आणि किती घाईचा

दसरा-दिवाळीत लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक चढलेली असते. अशा वेळी आडत दुकानाच्या बिलिंग प्रोग्रामबद्दल एकाच सकाळी दोन तक्रारी आल्या असं समजा. पहिली: वजन 12.35 क्विंटल, पण पट्टीवर (शेतकऱ्याला मिळणाऱ्या विक्रीच्या बिलावर) 12.3 छापून येतं. रक्कम मात्र बरोबर. दुसरी: पाच वर्षांची एकत्रित खतावणी काढली की प्रोग्राम बंद पडतो. आधी कुठली घ्यायची?

इथे सिव्हेरिटी आणि प्रायॉरिटी यांची गल्लत होते. बगने, म्हणजे प्रोग्राममधल्या चुकीने, प्रोग्रामचं किती बिघडवलं ही सिव्हेरिटी. ती टेस्टरने (प्रोग्राम तपासणाऱ्याने) लावावी. तो कधी हातात घ्यायचा ही प्रायॉरिटी. ती धंदा कळणाऱ्याने ठरवावी. खतावणीचा बग मोठा खरा, पण मार्चअखेरपर्यंत तिकडे कुणी फिरकत नाही. पट्टीचा बग नुसता छपाईचा. तरी 4,500 च्या भावाने शेतकरी मोबाइलवर 12.3 चा गुणाकार करतो, तेव्हा 55,350 येतात आणि पट्टी म्हणते 55,575. या 225 रुपयांवरून सौद्याच्या ऐन गर्दीत हुज्जत सुरू. हाच आधी.

प्रायॉरिटी हंगामाबरोबर बदलते. फेब्रुवारी लागला की खतावणी वर सरकवायची. सिव्हेरिटी मात्र नवी माहिती हाती आली तरच बदलावी. प्रोग्राम बंद पडताना त्या दिवसाच्या नोंदीही पुसल्या जातात असं कळलं, तर दोन्ही त्याच दिवशी वर.

बगझिला आणि जिरा ही बग नोंदवून ठेवायची सॉफ्टवेअर. बगझिलात या दोन्हींना वेगळे रकाने आहेत. जिरात प्रायॉरिटी आयती मिळते, सिव्हेरिटीचा रकाना स्वतः जोडावा लागतो. तो आळस केला की मोठा बगही ‘हाय’, घाईचाही ‘हाय’, आणि मग ज्याचे फोन जास्त त्याचं काम आधी.

अर्थात, प्रायॉरिटीने फक्त रांगेतला वेळ वाचतो. बग हातात घेतल्यावरचा वेळ तक्रार कशी लिहिली यावर जातो. ‘पट्टी चुकते’ एवढंच लिहिलं, तर अर्धा दिवस फोनाफोनीतच. प्रोग्रामची आवृत्ती, प्रिंटर, टाकलेलं वजन, छापलेलं वजन आणि पट्टीचा फोटो, एवढं तरी हवंच. त्यातही वजनाचा नेमका आकडा सोडू नये: छपाईच्या साच्यात दशांशानंतर एकच आकडा ठेवला असेल, तर 12.30 टाकून तपासणाऱ्याला सगळं ठीकच दिसेल आणि तो ‘बग सापडला नाही’ म्हणून तक्रार बंद करून टाकेल.