मूळव्याध म्हणून सोडून दिलेले रक्त

शौचावाटे रक्त गेले की आपल्याकडे पहिले निदान घरातच होते: मूळव्याध. तिखट बंद, ताक सुरू आणि लाजेपोटी विषय तिथेच मिटतो. पुष्कळदा ते निदान खरेही असते. पण मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे रक्त डोळ्यांना दिसेपर्यंत रोग बरेचदा पुढे सरकलेला असतो. म्हणूनच डॉक्टर गेली अनेक दशके न दिसणाऱ्या रक्ताच्या मागे आहेत.

१९६७ साली अमेरिकेत डॉ. डेव्हिड ग्रीगर यांनी ग्वायकम झाडाची राळ लावलेला कागद तपासणीसाठी वापरला. शौचाचा अंश त्यावर पसरायचा, वरून हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकायचा. कागद निळा झाला तर रक्त आहे. पंचाईत एवढीच की लाल मांस खाल्ले तरी तो निळा होई, म्हणून आधी पथ्य. (गोव्यात डुकराच्या मांसाचे सॉसेज पावात घालून खाणाऱ्या चोरीस-पाववाल्यांना हे सांगून बघावे!) पुढे फक्त माणसाचेच रक्त ओळखणारी चाचणी आली आणि पथ्य सुटले. जपानने १९९२ मध्ये ती देशभर लागू केली.

त्याहून मोठी उडी १९६९ ची. न्यूयॉर्कमध्ये हिरोमी शिन्या आणि विल्यम वुल्फ यांनी दुर्बिणीतून तारेचा फास घालून आतड्यातला पॉलिप कापला, पोट न उघडता. पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर आलेला मांसाचा कोंब. सगळेच पॉलिप बिघडत नाहीत. जे बिघडतात त्यांना कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षे लागतात. एवढ्या अवधीत पॉलिप काढला, तर तिथे रोग होतच नाही. स्तनाच्या तपासणीत रोग लवकर सापडतो. इथे तो टळतो. हा फरक फारसा कुणी सांगत नाही. १९९३ मध्ये मिनेसोटातील ४६ हजारांवर लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला: दरवर्षी शौचाची चाचणी करणाऱ्या गटात या रोगाचे मृत्यू एक तृतीयांशाने घटले.

भारतात सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीनच कर्करोग आले. मोठे आतडे राहिले, कारण पाश्चात्त्य देशांच्या मानाने इथे हा रोग कमी. गोव्यातही २०२१ मध्ये गाजावाजा झाला तो स्तनांच्या तपासणीचा. आतड्यासाठी माणूस बांबोळीचे सरकारी रुग्णालय गाठतो तो त्रास सुरू झाल्यावरच.

अमेरिकेने २०२१ मध्ये तपासणीचे वय ५० वरून ४५ वर आणले, कारण तरुणांत रुग्ण वाढू लागले. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला हा रोग झाला असेल, तर चाळिसाव्या वर्षी, किंवा त्यांना ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, करायला सांगतात.