माचा हिरवा कशामुळे होतो आणि घरी केला की कडू का लागतो

माचा, म्हणजे जपानी हिरव्या चहाच्या पानांची बारीक पूड, घरी करून बघितला, कडूजहर लागला, मग डबा मागच्या फळीवर गेला असं सांगणारे ओळखीत आता बरेच भेटतात आणि मला दर वेळी वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा एकतर पावडरच जुनी असते नाहीतर वरून उकळतं पाणी ओतलेलं असतं. माझं पहिलं पाकीट असंच निघालं, ऑनलाइन मागवलेलं, वर हिरव्यागार कपाचा फोटो आणि आत मेंदीसारखी पिवळट खाकी पूड. त्याला माचा समजून मी दोन महिने प्यायले आणि हे लोकांना का आवडतं तेच कळेना. नंतर जपानहून आलेल्या एका मैत्रिणीने २० ग्रॅमचा छोटा डबा दिला, तो उघडल्यावर कळलं की फरक सगळा सावलीचा आहे.

सावली म्हणजे खरोखरची सावली. माचासाठीच्या चहाच्या बागा तोडणीच्या आधी साधारण तीन-चार आठवडे झाकून ठेवतात, पूर्वी बोरूच्या चटया आणि वर भाताचा पेंढा पसरायचे, आता बऱ्याच ठिकाणी काळी जाळी असते. चहाचं झाड मुळांमध्ये थिआनिन नावाचं अमिनो आम्ल तयार करतं आणि ते पानांत चढतं. पानावर ऊन पडलं की हे थिआनिन मोडतं आणि त्यातून कॅटेचिन बनायला मदत होते, आणि कॅटेचिन म्हणजे तोच तुरटपणा जो जीभ आखडवतो. ऊनच अडवलं तर थिआनिन पानात साठून राहतं, चव गोडसर आणि जिभेवर रेंगाळणारी लागते, जपानी लोक तिला उमामी म्हणतात. शिवाय प्रकाश कमी मिळतो म्हणून झाड पानं पातळ आणि रुंद करतं आणि त्यात हरितद्रव्य जास्त भरतं, तो गडद हिरवा रंग तिथून येतो. थिआनिन पहिल्यांदा वेगळं काढलं तेही १९४९ साली क्योटोमध्ये, ग्योकुरो नावाच्या अशाच सावलीतल्या चहातून. सावलीतल्या पानाला समुद्री शेवाळासारखा एक वास येतो, त्याला जपानीत वेगळा शब्दच आहे, ओओइका, म्हणजे झाकल्याचा वास. पहिल्यांदा तो विचित्र वाटतो पण तोच चांगल्या मालाची खूण आहे, त्यामुळे डबा उघडल्यावर मासळीबाजाराची पुसटशी आठवण आली तर घाबरू नका.

तोडलेली पानं लगेच काही सेकंद वाफवतात, म्हणजे पान काळं करणारी एन्झाइम्स थांबतात. मग न वळता सपाट वाळवतात, देठ आणि शिरा काढून टाकतात, जे उरतं त्याला तेन्चा म्हणतात. तेन्चा ग्रॅनाइटच्या जात्यात दळला की माचा. आपल्या जात्यासारखंच दोन दगडांचं जातं पण फिरतं फार हळू, कारण जोरात फिरवलं तर दगड तापतो आणि वास आणि रंग दोन्ही जातात, म्हणून एका जात्यातून तासाला जेमतेम ४० ग्रॅम पूड पडते. म्हणजे २० ग्रॅमचा छोटा डबाही एका जात्याचं अर्ध्या तासाचं काम असतं, किंमत बघून डोळे विस्फारतात तेव्हा मला हे आठवतं. ही पूड आपल्या वस्त्रगाळ चूर्णापेक्षाही बारीक, बरेचसे कण ५ ते २० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). स्वस्त माल मोठ्या यंत्रात भराभर दळतात आणि तो जिभेला किंचित रवाळ लागतो.

आता विकत घेताना काय बघायचं. डब्यावर सेरेमोनियल ग्रेड, म्हणजे चहा-विधीच्या दर्जाचा, असं लिहिलेलं असतं त्यावर फार विसंबू नका, जपानमध्ये असा कुठला सरकारी दर्जा नाही, कुणीही छापू शकतं. त्यापेक्षा गाव बघा, क्योटोजवळचं उजी, आइचीतलं निशिओ, फुकुओकातलं यामे, आणि दक्षिणेकडचं कागोशिमा, इथल्या मालावर बहुतेक नाव असतंच. पहिल्या तोडणीचा, म्हणजे एप्रिलअखेर ते मेमधल्या पानांचा असेल तर प्यायला उत्तम. घटकांमध्ये चहाशिवाय काहीही नको, साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (भर घालायची स्टार्चची पूड) दिसलं की ठेवून द्या. आणि दळल्याची किंवा पॅकिंगची तारीख नक्की बघा. अख्खे धने वर्षभर टिकतात पण धनेपूड दोन-तीन महिन्यांत भुशासारखी होते ना, तसंच आहे हे, जपानमध्ये तेन्चाची पानं महिनोन्‌महिने सांभाळून ठेवतात, पूड मात्र लागेल तशीच दळतात. घरी आल्यावर चिमूटभर पूड पांढऱ्या कागदावर बोटाने ओढून बघा, चांगली पूड लांब सलग गुळगुळीत रेघ उमटवते, हलकी असेल तर रेघ तुटक आणि पिवळट येते.

रंगाचं अजून थोडं सांगते कारण तो फक्त दिखाऊपणा नाहीये. हरितद्रव्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा अणू असतो, उष्णता किंवा आम्ल लागलं किंवा नुसता काळ गेला की तो निसटतो आणि उरतं ते शेवाळी तपकिरी फिओफायटिन. अळूच्या फदफद्यात चिंचेचा कोळ घातल्यावर रंग उतरतो तो हाच प्रकार. म्हणजे खाकी माचा एकतर उन्हातल्या पानांचा असतो किंवा म्हातारा झालेला असतो.

करायची पद्धत सोपी आहे, फक्त आपली चहाची सवय बाजूला ठेवायला लागते. २ ग्रॅम पूड, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, बारीक गाळणीतून वाडग्यात चाळून घ्यायची. चाळणं टाळू नका, इतक्या बारीक पुडीच्या गुठळ्या होतातच आणि पाण्यात पडल्यावर बाहेरून ओल्या आतून कोरड्या राहतात. पाणी ७० ते ८० अंश, साधारण ६० ते ७० मिली. थर्मामीटर नसेल तर उकळलेलं पाणी एका कपात ओता, मग दुसऱ्या कपात, दर ओतण्याला अंदाजे दहा अंश उतरतात. उकळतं पाणी कॅटेचिन आणि कॅफीन झपाझप बाहेर काढतं आणि कडवटपणा पुढे येतो, गोडसर थिआनिन कोमट पाण्यातही सहज विरघळतं, म्हणून थोडं गार पाणी आपल्या फायद्याचं.

मग घुसळायचं. माचा पाण्यात विरघळत नाही, पानाचे कण नुसते तरंगत असतात, म्हणून चमच्याने ढवळलं तर पाच मिनिटांत तळाशी बसतो. चासेन म्हणजे बांबूची छोटी रवी, एकाच बांबूच्या तुकड्याला चिरून बारीक काड्या केलेली, नारा प्रांतातल्या ताकायामा गावात पिढ्यान्‌पिढ्या तेच काम चालतं. ताकाची रवी आपण गोल फिरवतो, इथे मात्र मनगटातून मागे-पुढे इंग्रजी डब्ल्यू काढल्यासारखं वीस सेकंद भराभर हलवायचं, तळाला न घासता. चहात सॅपोनिन असतात, साबणासारखे रेणू, रिठ्याचा फेस ज्यामुळे होतो त्याच जातीचे, ते हवेचे बुडबुडे धरून ठेवतात म्हणून वर बारीक फेस येतो. फेस आला की लगेच प्या.

दुधात घ्यायचा असेल तरी आधी थोड्या पाण्यात घुसळून मग गरम दूध घाला, आपल्या चहासारखा उकळू नका. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन कॅटेचिनला चिकटतं म्हणून तुरटपणा कमी होतो, पण ओओइकाही दबते, त्यामुळे दुधातल्या माचासाठी, म्हणजे माचा लाटेसाठी, महागाचा डबा वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. २०२४ च्या शरदात मागणी इतकी वाढली की क्योटोतल्या जुन्या दुकानांना गिऱ्हाईकामागे डब्यांची मर्यादा घालावी लागली, आणि नवीन झाड लावलं तर नीट तोडणीला यायला चार-पाच वर्षं लागतात, अशा वेळी उत्तम पूड साखर-दुधात घालवणं जिवावर येतं.

एका कपात साधारण ६० मिलिग्रॅम कॅफीन असतं कारण पान पूर्ण पोटात जातं, तेव्हा संध्याकाळनंतर नको. कॅटेचिन जेवणातलं लोह अडवतात, आणि आपल्याकडे हिमोग्लोबिन कमी असणाऱ्या बायका खूप आहेत, म्हणून जेवण आणि माचा यात तासाभराचं अंतर ठेवाच.

डबा उघडल्यावर घट्ट झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि महिना-सव्वा महिन्यात संपवा. फ्रीजमधून काढला की लगेच उघडू नका, आधी बाहेरच्या हवेच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर मुंबईच्या हवेत आत दव धरतं आणि पूड गोळा होते. चासेन वापरण्याआधी मिनिटभर गरम पाण्यात भिजवा म्हणजे काड्या तुटत नाहीत, नंतर नुसत्या पाण्याने धुवा, साबण नको, बांबू तो शोषून घेतो. आणि पावसाळ्यात ती बंद कपाटात अजिबात ठेवू नका, कोकणात तर चार दिवसांत बुरशी येते, वाऱ्याला उघड्यावर वाळू द्या.